अधिकातलं दान

बनाबाईचा चेहरा करपला होता. गालफडांवर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळाच्या मधल्या पट्टीवर काळपट-तांबूस डाग उठले होते, तव्यावर विसरलेल्या भाकरीवर उठतात तसे. दवाखान्याच्या काचेच्या दारातून ती आत येताना शालननं पाहिलं. हा चेहरा ओळखीचा होता. बनाबाईचा म्हणून नव्हे. मागचं वर्षभर रोज सकाळी कुंकू लावताना आरशात दिसायचा तो हाच चेहरा, ह्याच जागी डाग, ह्याच रंगाचे. आता तिचे स्वतःचे गाल स्वच्छ झाले होते. तिच्या तोंडावरून उठून ते जणू बनाबाईच्या गावी, पेठ वडगावला, गेले होते आणि तिथून आज एसटीनं परत आले होते.

"बघतीस काय अशी," बनाबाई धापा टाकत शेजारी टेकली. "भादव्याचं ऊन लागलंय. सून म्हणती, आत्ती, मशेरी दाताला लावायची का गालाला."

शालननं हसल्यासारखं केलं. बनाबाई स्वतःच्याच बोलण्यावर हसायला गेली आणि हसता हसता तिला खोकल्याची ती कोरडी ढास लागली. ढास ओसरली तशी तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला, आणि तो तिथंच ठेवला. मळमळतंय. शालनला विचारावं लागलं नाही. पदर असा दाबून धरला की आतली उबळ थोडी मागं हटते, पण नाकात कपड्याचा साबणाचा वास भरतो आणि तो वासही नको होतो, हे सगळं तिच्या अंगाला ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ह्याच बाकावर ती अशी बसायची आणि बनाबाई शेजारी शेंगा फोडून खायची. "तुझ्या देवानं तुला उपास लावलाय आन् डॉक्टरनं बी," असं म्हणून तिच्या मांडीवर शेंगांची मूठ ठेवायची, ती खाणार नाही हे माहीत असून.

आज बनाबाईच्या पिशवीत शेंगा नव्हत्या.

रूपालीनं आधी बनाबाईला हाक मारली. रूपाली म्हणजे ह्या औषधाच्या अभ्यासाचं सगळं पाहणारी मुलगी. तारखा लावणारी, फोन करणारी, गोळ्यांच्या बाटल्या देणारी आणि रिकाम्या परत घेणारी. "बनाबाई, तुम्ही डॉक्टरांकडं आत जा. परवा वडगावात दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, त्यांना बोलायचंय. शालनकाकू, तुमचं चालणं उरकून घेऊया तोवर." बनाबाई भिंतीला धरत उठली. "चाल बाई तू," ती म्हणाली, "तुझं बरं चाललंय म्हनं. तोंड बी निघालंय तुझं." आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धवट लोटून आत गेली.

चालण्याची परीक्षा ह्या लांब बोळातच होत असे. बोळाच्या दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवलेले असत, रस्त्याचं काम चालू असल्यावर ठेवतात तसे. एकाला वळसा घालून दुसऱ्याकडं, दुसऱ्याला वळसा घालून पहिल्याकडं. सहा मिनिटं. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा. रूपालीनं मध्ये गप्पा मारायच्या नाहीत. मिनिटामिनिटाला ठरलेलं वाक्य तेवढं बोलायचं, तेही सगळ्या पेशंटांना सारखं, सारख्याच आवाजात. पहिल्या वेळी शालनला हे फार आवडलं होतं. तिला वाटलं होतं, ही तर प्रदक्षिणाच आहे. चातुर्मासात अंबाबाईच्या देवळात ती घालायची तशी, ओठांतल्या ओठांत नाव घेत. फक्त मध्ये मूर्ती नव्हती. मध्ये पांढऱ्या फरशीचा लांब रिकामा पट्टा होता.

"सुरू करा," रूपाली म्हणाली.

शालन चालू लागली. दोघींच्या छातीत एकच दुखणं होतं. डॉक्टर उदयसिंहांनी पहिल्या भेटीत टेबलावरचा भांडी घासायचा स्पंज हातात घेऊन सांगितलं होतं की फुप्फुस असं असतं, मऊ, आणि तुमचं हे वाळत चाललंय. कशानं, ते कळत नाही. वाळलेलं परत ओलं होत नाही. वाळण्याचा वेग कमी करता येतो. त्यासाठी एक नवीन औषध आलंय, त्याचा अभ्यास चालू आहे. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत काही नसलेली. कुणाला कुठली ते संगणक ठरवणार, मलाही कळणार नाही, रूपालीलाही नाही. नेहमीचे उपचार दोघांनाही चालूच राहतील. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला तपासणारच आहे. मग पानामागून पान वाचून दाखवलं गेलं, प्रत्येक पानाखाली सही, आणि दर थोड्या वेळानं तेच: समजलं का, काही विचारायचंय का, तुमची इच्छा आहे का. शालनला संकोच वाटला होता. आयुष्यात इतक्या वेळा तिला तिची इच्छा कुणी विचारली नव्हती. बनाबाई मात्र प्रत्येक पानाला थांबली होती. "आत काय नसलं तर मला काय उपेग?" असं तिनं तोंडावर विचारलं होतं, आणि उत्तर पटेपर्यंत सही केली नव्हती; अंगठा नव्हे, सही. सही करताना म्हणाली होती, "आमच्यात देव न्हाय. बाबासाहेबांनी सोडवलं त्यातनं. तवा इचारूनच घ्यावं लागतं सगळं."

शंकू आला. वळसा घेताना डॉक्टरांच्या खोलीचं दार उजव्या हाताला येत होतं. आतून आवाज आला.

"बनाबाई, रागावणार नाही. खरं सांगा. पाला, मुळी, काढा, काही घेतलंत का ह्या दोन-तीन महिन्यांत?"

"न्हाय ओ सायेब."

दार मागं गेलं. श्वास अजून ठीक होता, म्हणजे कडेकडेनं ओढ लागली होती पण मधला भाग शाबूत होता. रोज पहाटे उठून दिवा, तुळशीला पाणी, तोवर कुणाशी बोलणं नाही, मग पोथीचा एक अध्याय, मग नैवेद्य, मग तोंडात घास. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्यापासूनचा नेम. दुखणं लागलं तशी पोथी मोठ्यानं वाचता येईना. ओवीच्या मध्यात श्वास संपायचा. मग नुसते ओठ हलायचे. देवाला ऐकू जात असेल, पण तिला स्वतःला ऐकू यायचं नाही आणि त्यानं घर फार गप्प वाटायचं. मग गोळी सुरू झाली. अगोदर थोडी, मग हळूहळू वाढवत पूर्ण. आणि मळमळ आली, अन्नाचा वास नकोसा झाला, उन्हात पाच पावलं टाकली की गाल जळू लागले. पण सहा महिन्यांनी एका सकाळी ती अख्खी ओवी एका श्वासात वाचून गेली, आणि दचकून थांबली. त्याच दिवशी तिला कळलं. सांगायला ना डॉक्टर लागले ना संगणक. आपली खरी आहे.

आणि बनाबाई तांबडा रस्सा ओरपत होती. तिला काही होत नव्हतं, गाल तुकतुकीत, भूक वाघासारखी. फक्त दर भेटीला ती दारापासून बाकापर्यंत येताना एकदा जास्त थांबायची.

"छान चाललंय. असंच चालत राहा," रूपाली म्हणाली.

अधिक महिना आला तेव्हा शालन बेचैन होती. आजऱ्याला माहेरी आई अधिकात लाडवाच्या पोटात चांदीचं नाणं दडवायची आणि तो लाडू कुणातरी गरजू बाईच्या ओटीत इतर लाडवांबरोबर घालायची. घेणारीला ठाऊक नाही, देणारीनं बोलायचं नाही. बोललीस की पुण्य वाऱ्यावर गेलं, आई म्हणायची. आणि जे सहज सुटतं ते दान नव्हे. हात मागं येतो ते दान. शालन देवापुढं बसून विचार करायची, माझा हात कशावरून मागं येतो? सोनं लेकीला गेलं. साड्या वाटल्या तरी काही वाटत नाही. मग उत्तर आलं, आणि आलं तेव्हा तिचा हात खरोखरच मागं आला. म्हणून तेच ठरलं.

वैशाख सरून तापलेला अधिक ज्येष्ठ होता तो. भेट संपवून, नव्या बाटल्या घेऊन, उन्हं उतरेपर्यंत बनाबाई शालनकडं टेकायला आली होती. जेवली. पानावरची आमटी वाटीत ओतून प्याली. "चव हाय बाई तुझ्या हाताला," म्हणाली. मग लवंडली. शालननं तिला बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली होती. इथं वारा लागतो, असं ती म्हणाली होती, आणि वारा लागतही होता. पण मधल्या खोलीत देवघर होतं, तिथंही वारा लागत होता. सतरंजी उचलून बाहेर नेताना आपण क्षणभर थांबलो होतो का? त्या दिवशी हे मनात आलं नव्हतं. आता, तिसऱ्या की चौथ्या वळशाला, पायाखालची फरशी जड होत चाललेली असताना आलं. तेव्हा तिच्या कानात फक्त बनाबाईच्या श्वासाची घोरण्यासारखी शिट्टी वाजत होती आणि देवापुढं ताम्हनात दोन पांढऱ्या बाटल्या होत्या. एकीतल्या गोळ्या इकडं, दुसरीतल्या तिकडं. किणकिण होऊ नये म्हणून खाली ओला रुमाल. शेवटी दोन्ही झाकणं लावताना तिला रडू आलं. फार पवित्र वाटलं होतं. इतकं पवित्र तिला काशीलाही वाटलं नव्हतं.

"...वैदू? कावीळ उतरवतो म्हणणारा कुणी?"

"आमी न्हाय जात असल्याकडं. गोळीबिगर काय सुदीक घेतल्यालं न्हाय मी. सायेब, मला ह्यातनं सोडवा. आदी बरी हुतो. दोन घास गोड लागत हुतं. आता पान्याचा बी वास येतोय."

"सोडवतो. पण हे असं एकदम कशानं, ते कळायला पाहिजे ना. यकृतावर सूज आहे, बनाबाई. साधी नाही."

शालनचा पाय शंकूला लागला. शंकू डगमगला, पडला नाही. रूपालीनं मान वर केली.

पंधरवड्यातच वडगावहून फोन आला होता. "पोटात ढवळतंय गं, कसलं पित्त झालंय की." आणि शालनला आनंद झाला होता. मैत्रिणीला ओकाऱ्या होताहेत हे ऐकून तिनं त्या संध्याकाळी देवापुढं एक जास्तीची वात लावली होती. पोचलं. दान पोचलं. "जेवणाबरोबरच घे गोळी. आन् रूपालीला सांग," असं ती फोनवर म्हणाली होती, हळू, मायेनं. "सांगटलंय की. पित्ताची गोळी दिलीया तिनं," बनाबाई म्हणाली होती. आणि त्याच आठवड्यात शालनला पहिल्यांदा भाकरीचा वास हवासा वाटला. ठेच्याची चव जिभेवर पसरली तेव्हा डोळे मिटले गेले. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. ह्यांनी ताटावरून बघितलं, म्हणाले, अंबाबाई पावली. तिनं मान हलवली. रात्री पाणी प्यायला उठावं तसा एक प्रश्न तेव्हापासून तिच्या मनात उठायचा आणि ती त्याला परत निजवायची. तू औषध दिलंस, का मळमळ देऊन टाकलीस? हात मागं आला होता तो औषधावरून, हे खरं. पण पुढं कशानं झाला होता?

"छान चाललंय. अर्धा वेळ झाला. असंच चालत राहा."

आता ओढ मधोमध आली होती. श्वास आत जायचा आणि कुठंतरी लवकरच भिंतीला लागायचा. चिमट्यातला आकडा रूपाली बघत होती. तिच्या भुवया जवळ आल्या होत्या. मागच्या भेटीपेक्षा कमी, शालनला आकडा न बघता कळत होतं. ते तिनं मान्य केलं होतं, पहिल्या दिवसापासून. मरण मान्य करून दिलेलं दान होतं ते. पण यकृत? हे त्यात नव्हतं. आपल्या यकृताला काही झालं नव्हतं. आपल्याला हळूहळू वाढवत दिली होती, एक एक पायरी, दर पायरीला रक्त तपासून. आणि बनाबाईला एकदम. पूर्ण. त्या दुपारपासून. तिला पायऱ्या आठवल्या नव्हत्या. ताम्हन आठवलं होतं, ओला रुमाल आठवला होता, गोळ्या देवापुढं ठेवून हळद-कुंकू वाहिलं होतं. पायऱ्या नाही.

आत डॉक्टर फोनवर कुणाशी तरी बोलत होते. "हो, गंभीर आहे. कोड उघडून मागावा लागेल. पेशंटला खरं औषध आहे की नाही तेवढं कळू दे, म्हणजे पुढं कुठं शोधायचं ते ठरवता येईल."

दार मागं गेलं. शालन चालत राहिली, कारण पाय चालत होते. कोड उघडतील. संगणक सांगेल, बनाबाईची पोकळ. डॉक्टर म्हणतील, मग औषधानं नाही. म्हणजे बाई खोटं बोलतेय, पाला खाल्लाय. किंवा दुसरंच काहीतरी, आणि ते शोधत बसतील, पोटात नळी घालतील, सुया घालतील, चुकीच्या जागी. बनाबाई सांगत राहील की न्हाय ओ सायेब, आणि तिचं खरं कुणाला खरं वाटणार नाही. आणि पिशवीतली बाटली? पोकळ गोळीनं काय व्हायचंय म्हणून ती कदाचित कुणी काढूनही घेणार नाही.

बोलायचं तर दान गेलं. पण आता ती पुण्याचा हिशेब करत नव्हती, ते मागंच कुठं तरी पडलं होतं, मधल्या एखाद्या वळशाला. भीती वेगळी होती. बोललं की दोघींचं नाव अभ्यासातून जाणार, हे तिला कळत होतं. नियम मोडला की बाहेर. म्हणजे ती खरी गोळी परत कधीच मिळायची नाही, ना तिला ना बनाबाईला. आता गप्प राहिलं तर, हळूच काहीतरी करून, आपली आपल्याकडं परत... ह्या विचारापाशी ती पोचली आणि स्वतःलाच दचकली. बोळ लांब झाला. पलीकडचा शंकू कुणीतरी मागं सरकवतंय असं वाटलं. इतकी वर्षं पहाटे मौन पाळलं, तेव्हा वाटायचं मौनात देव राहतो. आत्ता त्यात ती एकटीच होती आणि पलीकडं एक बाई ओकत होती.

ती थांबली. शंकूपाशी नाही, मध्येच. भिंतीला हात लावून.

"थांबायचं असेल तर थांबा, काकू. बरं वाटलं की पुन्हा चालायला लागा," रूपालीनं ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हटलं.

शालन पुन्हा चालायला लागली, पण तिरकी. रूपाली "काकू, इकडं नाही," म्हणाली तोवर तिनं डॉक्टरांचं दार ढकललं होतं. बनाबाई खुर्चीत वाकून बसली होती, मांडीवर निळं प्लास्टिकचं भांडं. डॉक्टरांच्या हातात अजून फोन होता.

"ती खोटं बोलत न्हाय," शालन म्हणाली. मग श्वासासाठी थांबावं लागलं. सगळे तिच्याकडं बघत होते आणि तिच्याजवळ वाक्यभर हवा नव्हती. "तिच्या बाटलीत माझ्या गोळ्या हायती. माझ्यात तिच्या. मी बदलल्या. अधिकात."

डॉक्टर उदयसिंहांनी फोन ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि अगदी सरळ विचारलं, "सगळ्या?" सगळ्या. "मागच्या भेटीनंतर लगेच?" त्याच दिवशी. "यांना माहीत होतं?" नव्हतं. त्यांनी एकदा डोळे मिटून उघडले, बनाबाईच्या पिशवीतली बाटली काढून रूपालीच्या हातात दिली आणि भराभर सांगू लागले: आजच दाखल करायचं, ही गोळी ह्या क्षणापासून बंद, रक्त उद्या परत, वरिष्ठांना कळवायचं, दोघींचंही थांबवायचं. मग शालनकडं वळून म्हणाले, "तुम्ही आत्ता सांगितलंत म्हणून निदान कुठं बघायचं ते कळलं. काकू, बसा. तुम्ही निळ्या पडलाय."

"बहुतेक उतरते ही सूज," ते बनाबाईला म्हणाले. "औषध थांबलं की. बहुतेक."

खोली तयार होईतो दोघींना बोळातल्या बाकावर बसवलं. रूपालीनं शंकू उचलून कोपऱ्यात नेले. बनाबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती. दोघींच्या श्वासांचे आवाज येत होते, एक थोडा पुढं, एक थोडा मागं.

"कशापायी?" बनाबाईनं विचारलं.

"तू बरी व्हावीस म्हणून."

"मला आत काय न्हाय, हे तुला कळलं हुतं तर मला सांगायचंस. मी सायेबाशी भांडलो असतो."

"सांगायचं नसतं त्यात. दान..." शालननं शब्द अर्धवट सोडला.

"दान." बनाबाईनं तो शब्द जिभेवर घोळवला, कडू गोळीसारखा. आवाज चढला नाही, उलट तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा फार खाली आला. "माझ्या आईनं लोकांच्या दारातलं शिळं आणायचं सोडलं, त्याला किती वर्सं झाली ठाव हाय? कुणाचं दान घ्यायचं न्हाय म्हणून सोडलं. उपाशी राहिली, पर आणलं न्हाय. आन् मी तुझं तीन महिने गिळलं. न कळता." ती थांबली, पदर तोंडाशी नेला, उबळ जाऊ दिली. "मला भाईर निजवलीस आन् आत देवापाशी बसून माझ्या औषदाला हात घातलास. दवाखान्यानं पानापानाला इचारलं मला. डोकं उठवलं इचारून. तू न्हाय इचारलंस, शालन. तू मैतरीण."

शालन खाली फरशीकडं बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण माफी मागायची वाक्यं जुळवतोय, नेमकी, गोड, देवासमोर म्हणावीत तशी. आणि ती सगळी पुन्हा बनाबाईच्या ओटीत न विचारता टाकायचीच वाक्यं आहेत. तिनं ती सोडून दिली.

बनाबाईचे ओठ कोरडे पडले होते. कडेला पांढरं साचलं होतं. शालनच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. सवयीनं तिचा हात पिशवीत गेला, बाटली बाहेर आली, झाकणावर बोटं बसली, आणि तिथं थांबली.

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

बनाबाई भिंतीकडंच बघत होती. आतून कुणीतरी चाकाची खुर्ची घेऊन येत असल्याचा आवाज बोळातून जवळ येत होता. शालननं बाटली मांडीवर धरली, झाकण तसंच बंद, आणि उत्तराची वाट बघत राहिली.